मागून मारलेली हाक

“अवं, जरा थांबा!”

तात्यांच्या दारावरून चार पावलं पुढं गेलात की मागून ही हाक यायचीच. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तात्यांना सांगणार कोण? वळून विचारावं तर म्हणायचे, “काय न्हाय. टायरात हवा हाय का बघा.” लग्नाला निघालेल्या बायका तर त्यांचं दार चुकवून लांबच्या वाटेनं जायच्या. मीही चिडायचो. खरं म्हणजे चिडायचा हक्क सगळ्यात कमी मला होता.

आधी ते असे नव्हते. इंदापूरकडच्या माळावर आमच्या मालकानं मुरूम दाबून छोट्या विमानासाठी धावपट्टी केली होती. परवानगीचं विचारलं की मालक म्हणायचे, “येतीय की!” तात्या तिथले राखणदार, मी शेजारच्या पोल्ट्रीवर सुपरवायझर. बायकोच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी बांबूला बांधून तात्या वारा बघायचे. उड्डाणाआधी अख्खी धावपट्टी अनवाणी चालून टाचेनं दाबून बघायचे. “भुईला इचारल्याबिगर उडू न्हाय.” पायलट हसायचा, पण तात्यांनी मान हलवल्याशिवाय विमानात चढायचा नाही.

मालकानं नवं विमान आणलं, त्या सकाळीही तात्यांनी मान हलवली. पूजा झाली, नारळ फुटला, पायलट विमानाकडं निघाला. तेवढ्यात पार टोकाला पाच-सहा बगळे उतरले.

“बगळं बसल्यात रं,” तात्या पुटपुटले. “पलीकडच्या उसाचा पाट फुटला जणू. वल हाय तितं.” त्यांनी हाकेला तोंड उघडलं आणि मी त्यांचा हात धरला.

“तात्या, आत्ता नारळ फुटलाय. मागनं हाक नका मारू. इमान तितवर जातंय कुठं?”

जुनं विमान निम्म्या पट्टीतच उचलायचं. हे नवं जड, त्यात टाकी काठोकाठ भरलेली. ते टोकापर्यंत धावलं, चाक चिखलात रुतलं आणि विमान उलटं होऊन उसात गेलं. पायलट वाचला, पण पुन्हा उभा राहिला नाही.

चौकशीला साहेब आले. “पाणी दिसलं नाही?”

“म्हातारी नजर, साहेब. न्हाय दिसलं.” तात्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नोकरी गेली, गावानं ‘आंधळा तात्या’ नाव पाडलं, आणि मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला. एकदा कसंबसं म्हणालो, “मी सांगतो साहेबांना.”

“कशाला? हात तू धरलास. त्वांड माझंच हुतं न्हवं?”

गेल्या महिन्यात तात्या गेले. तिरडी उचलली. “नजर न्हवती, पर माणूस चांगला,” मागं कुणीतरी म्हणालं. खांदेकरी चार पावलं पुढं गेले असतील.

“अवं, जरा थांबा!” मी मागून ओरडलो.

सगळे दचकून वळले. एक म्हातारा तर शिवी हासडत माझ्या अंगावर आला.

“बगळं त्यास्नी दिसलं हुतं,” मी म्हणालो. “हात मी धरला हुता.”