आधी उघडायची वेळ

सहा इमारतींच्या पाण्याच्या पंपांना साबणाच्या डबीएवढे, लिनक्सवर चालणारे संगणक जोडलेले होते. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईला सगळे डबीवाली म्हणत. पंप रहिवाशांच्या फोनवरून सुरू होई. गच्चीवरच्या टाकीत सफाईला माणूस उतरला की नेमकं तेव्हाच कुणाचं तरी बोट वळवळणार! म्हणून डबीवाली घरबसल्या त्या डबीचं नेटवर्क तासभर बंद ठेवी. मात्र त्याआधी डबीला बजावून ठेवी, तासाभराने आपणहून उघड. हे राहिलं, की इतरांबरोबर आपणही बाहेर. मग गच्चीवरच्या डबीपर्यंत चढा जिने.

घरातही हाच नियम. नवऱ्यावर रुसली की आधी जाहीर करी, "पाचपर्यंत अबोला." पाचच्या ठोक्याला तो बिचारा हसत समोर हजर. संसार झकास चालला होता.

माशी शिंकली ती धाकट्या बहिणीच्या बाबतीत. आईच्या शिवणयंत्रावरून दोघींची जुंपली, डबीवाली तोंडाला येईल ते बोलून निघून आली आणि वेळबिळ काही सांगितली नाही. त्याला दोन वर्षं झाली. बहिणीवाचून तिला करमत नव्हतं, पण आधी बोलायचं कुणी, इथे घोडं अडलं होतं.

परवा एका टाकीची सफाई झाली, माणूस वर आला, तास उलटला, तरी पंप सुरू होईना. फोनवर फोन आले. डबीवालीने कपाळाला हात लावला. बंद करताना उघडायची वेळ द्यायची ती साफ विसरली होती, तीही बहिणीच्याच इमारतीत. गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावर, म्हणजे बहिणीकडेच. नवऱ्याने खोचकपणे विचारलं, खरंच विसरलीस ना? ती पिशवी शोधायला लागली.

कीबोर्ड आणि छोटा स्क्रीन पिशवीत घालून ती चार जिने चढली. धाप जिन्यांची कमी, दाराची जास्त. धाकटीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, खिळ्यावरची किल्ली काढली आणि मुकाट्याने गच्चीवर आली. दहा मिनिटांत पंप घुरघुरला, टाकीत पाणी पडू लागलं. तेव्हा कुठे धाकटीने विचारलं, झालं काय होतं?

"बंद करताना उघडायची वेळ सांगायची राहिली."

"आणि मग?"

"मग आपल्या पायांनी यावं लागतं."

धाकटीने डोळे पुसले. "चार जिने चढायला दोन वर्षं लागली, ताई. चल खाली. आता पाणी आलंय, चहा टाकते."