फाटकं पान

"पान उघडलं का गं?" दवाखान्यात मी पाऊल टाकलं की दादाचा पहिला प्रश्न हाच. तब्येतीचं मी विचारायचं, आणि तो चौकशी करायचा चिखलीच्या घरातल्या कुंडीची. शेवटच्या भेटीतही तेच. "अजून गुंडाळलेलंच आहे," मी म्हणाले. "घाईनं उलगडू नका हां..." म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

माझा हा थोरला भाऊ, अनिल, चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होता. पार्टवर ओरखडा दिसला की तो नापास मालाच्या लाल पेटीत. ही खोड घरीही आली. चपातीला भोक पडलं की "रिजेक्ट!" म्हणायचा आणि नेमकी तीच वाढून घ्यायचा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीतल्या मित्रांनी त्याला मॉन्स्टेराचं रोप दिलं. नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बदामाच्या आकाराची गुळगुळीत, अखंड पानं. दादानं पाइपाला काथ्या गुंडाळून आधार दिला, खिडकीशी पण थेट ऊन लागणार नाही असं ठेवलं. मातीत बोट खुपसून ओल बघितल्याशिवाय पाणी घालायचं नाही, पानं ओल्या फडक्यानं पुसायची... वहिनी म्हणायची, इतके लाड माझे कधी झाले नाहीत. झाड जोमानं वाढलं, आणि नवं पान आलं ते कडेपासून चिरलेलं. दादाला वाटलं, कीड. छाटलं. पुढचं भोकाभोकांचं आलं, तेही छाटलं. "माल खराबच निघतोय गं," तो गंभीरपणे सांगायचा.

शेवटी आम्ही दोघं औषध विचारायला नर्सरीत गेलो, तर मालक हसायलाच लागला. "काका, झाड वयात आलं की पानं अशीच येतात. लोक त्याच्यासाठीच नेतात!" परतताना पिंपळे गुरवला माझ्या घरी मला सोडताना दादा एवढंच म्हणाला, "चांगलीच पानं कापत बसलो की मी." एक तरी पान पुरतं उघडलेलं बघायचं, हा त्याचा ध्यास झाला. पण नव्या पानाची सुरळी दिसली आणि त्याचं आजारपण निघालं. इतकं साधं मागणं, तेही राहून गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

पान उघडलं ते तो गेल्यावर. ताटाएवढं, दोन्ही बाजूंनी चिरलेलं, हिरवंगार. वहिनी आणि मी त्याच्यासमोर बसून रडलो. दादाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कंपनीतले मोहिते, दादाचे जिवलग मित्र, सकाळीच आले. त्यांनी सतरंज्या घातल्या, हॉल झाडला, कुंडी पुसून बुद्धमूर्तीशेजारी ठेवली. मी पोचले तेव्हा झाडाच्या शेंड्याला नुसता देठ होता.

"वहिनी, एक पान फाटकं होतं, काढून टाकलं," मोहिते म्हणाले. "अनिलभाऊंना चाललं नसतं."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय भाऊ... नसतंच चाललं," आणि त्यांच्या हातात चहा दिला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, चाललं असतं हो, फक्त तेवढंच चाललं असतं! पण मोहिते रडत होते.