पनागरचे बटाटे

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या एका फॅक्टरीच्या कँटीनला मी जवळच्या पनागर गावचे बटाटे पुरवत असे. एकदा दुसऱ्या पाळीचे कामगार आलूबोंडे खाऊन ओकू लागले. मॅनेजरने माझे बटाटे सडके ठरवून माल बंद केला. मी फाटकावरच भांडलो.

डॉक्टरांनी शोध घेतला. पाळ्या वाढल्यामुळे उकडलेले बटाटे सकाळीच कुस्करून संध्याकाळपर्यंत भट्टीजवळ झाकून ठेवत. आचाऱ्याचं बोट पिकलेलं होतं. “त्या बोटातले जंतू उबेत वाढून विष सोडतात,” डॉक्टर म्हणाले. “तळल्यावर जंतू मरतात, विष राहतं.”

मॅनेजर म्हणाला, “चलो भैया, उद्यापासून माल पाठवा.”

“काहून? सडका माल घेऊन काय करता?”

माफी त्याने मागितलीच नाही. मी भाव वाढवून सांगितला आणि त्याने तो मुकाट्याने मानला. माफीचं अजून सलतं, पण धंदा झकास चालला.