मामेसासऱ्यांचं सावधान

राष्ट्रगीत चालू असताना आमचे मामेसासरे जितके स्थिर उभे राहत, तितका स्थिर उभा राहिलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नाशकात जे काही पुतळे आहेत त्यांच्यातलेही एक-दोन मामांच्या शेजारी चुळबुळे वाटले असते. टाचा जुळलेल्या, मुठी विजारीच्या शिवणीला, हनुवटी किंचित वर आणि नजर थेट समोर. समोर झेंडा असेल तर झेंड्यावर, नसेल तर भिंतीवर, आणि भिंतीवर पाल असेल तर पालीवर. पण ती नजर डावीकडे किंवा उजवीकडे गेली असं कधी झालं नाही. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेला माणूस; पण निवृत्त झाली होती ती फक्त नोकरी. शिट्टी गळ्यातच होती.

माझं लग्न जमलं तेच मुळी मामांच्या ह्या सावधानामुळे. पंधरा ऑगस्टची सुट्टी गाठून आम्ही सिडकोतल्या त्यांच्या घरी मुलगी बघायला गेलो होतो. सासऱ्यांपेक्षा मामांचा शब्द त्या घरात जड, म्हणून बघण्याचा कार्यक्रम त्यांच्याकडे. पोह्यांची बशी हातात आली, पहिला घास तोंडात गेला आणि टीव्हीवर लाल किल्ल्यावरचं राष्ट्रगीत सुरू झालं. मामा ताडकन उठले. त्यांच्या मागोमाग सगळं घर उठलं. मुलगी ट्रे घेऊन दारातच थांबली. मीही बशी धरून उभा राहिलो, आणि तोंडातल्या घासाचं काय करावं ते न कळून तो तसाच गालात धरून ठेवला. एक शेंगदाणा दाढेला टोचत होता. नंतर मामांनी माझा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. आत जाऊन बहिणीला म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे. तोंडात घास होता, पण चावला नाही.’ तेवढ्यावर माझं लग्न ठरलं आणि ते आजतागायत बरं चाललं आहे.

मामांच्या लेखी राष्ट्रगीतात आपलं आणि परकं असा भेद नव्हता. ऑलिम्पिक आलं की त्यांचे हाल सुरू व्हायचे. पदक कुणालाही मिळो, त्या देशाचं गीत वाजणार आणि मामा उभे राहणार. पोहण्याच्या शर्यती ज्या दिवशी असत त्या दिवशी तर बसायला म्हणून सवडच मिळत नसे. मी एकदा म्हटलं, ‘मामा, हे आपलं नाही हो.’ तर म्हणाले, ‘आपलं नाही, पण कुणाचं तरी आहेच ना? आपलं वाजेल तेव्हा त्यांनी बसावं असं वाटतं का तुम्हाला?’ आपलं फारसं वाजत नाही, हे मी त्यांच्यापाशी बोललो नाही. मामी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘देश कुठलाही असो, चहा माझाच गार होतो.’

पुढे सिनेमाच्या थेटरांत राष्ट्रगीत लावायला सुरुवात झाली आणि मामा, ज्यांना सिनेमाचा मनस्वी कंटाळा, ते नियमाने सिनेमाला जाऊ लागले. त्यांचा सिनेमा राष्ट्रगीताबरोबर संपायचा. पुढचे तीन तास ते तिकिटाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून झोपत. एकदा पुढच्या रांगेतला एक तरुण बसूनच राहिला. मामांना ते दिसलं ते राष्ट्रगीत संपल्यावर, आधी दिसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी अंधारातच त्याला जो फैलावर घेतला, की पडद्यावरची नायिकासुद्धा दचकली असावी. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा कळलं, की मुलाच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आहे. सिनेमा सुटल्यावर मामांनी त्याला अक्षरशः उचलून रिक्षात बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि त्याला पंचवटीत घरी पोचवून आले. मी आणि माझी बायको थेटरासमोर त्यांची वाट बघत उभे.

मोबाइल आले तेव्हा तर कहरच झाला. मी ठिबक सिंचनाच्या कंपनीत होतो. दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार कामानिमित्त घरी आले आणि नेमके मामाही आलेले. बागायतदारांच्या फोनची रिंगटोन राष्ट्रगीताची. फोन वाजला, मामा उठले. फोन बंद झाला, मामा बसले. पुन्हा वाजला, पुन्हा उठले. शेवटी बागायतदार फोन उचलायला गेले तर मामांनी हात धरला. ‘मधेच तोडायचं नाही. पुरं होऊ द्या.’ बागायतदार बिचारे काकुळतीला आले. ‘मामा, छाटणीचे दिवस हायेत. मजूर बांधावर उभे हायेत.’ ‘आपणही उभेच आहोत,’ मामा म्हणाले. पुढच्या खेपेला तो भला माणूस फोनवर आरती लावून आला. तर तेव्हा मामी उठून हात जोडायला लागल्या.

अशा माणसाच्याच नशिबी तो प्रसंग यावा, ह्याला काय म्हणायचं?

निवृत्तीनंतर मामा कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत मुलींना खो-खो शिकवायचे. फुकट. जवळच्या वसतिगृहात पेठ-सुरगाण्याकडच्या मुली असायच्या, त्यांतूनच त्यांचा संघ उभा राहिला. कर्णधार यमुना. काटकुळी, अबोल, आणि मैदानात उतरली की कुणाच्या हाती न लागणारी. मामा त्या मुलींवर सतत खेकसायचे आणि घरून निघताना मामींच्या नकळत डब्यातले लाडू घेऊन जायचे. मामींना ते कळायचं, म्हणून त्या लाडू जास्त वळायच्या.

एका वर्षी तालुक्याच्या गावी स्पर्धा होती आणि संघ अंतिम फेरीत गेला. मुलांचा सामना आधी, मुलींचा नंतर. मुलांचा लांबला. मग प्रमुख पाहुण्यांसाठी नाच बसवलेले होते ते झाले. पाहुणे उशिरा आले आणि आल्याबरोबर निघायच्या घाईत होते. तेव्हा संयोजकांनी तोडगा काढला. मुलींचा सामना खेळवायचाच नाही, नाणेफेक करून टाकायची. नाणं उडवलं आणि आमच्या मुली जिंकल्या. यमुना मामांकडे येऊन म्हणाली, ‘सर, आम्ही खेळलोच नाय तं जिंकलो कशा? ढाल नको. मॅच द्या.’ मामा म्हणाले, ‘निर्णय म्हणजे निर्णय. रांगेत उभ्या राहा.’

समारोपाला टेपवर राष्ट्रगीत लागलं. सगळे उभे राहिले आणि ह्या मुली मैदानाच्या मधल्या पाटीवर गेल्या आणि आपापल्या चौकोनात बसल्या. खो-खोत बसतात तशाच, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. ढाल जिंकलेला संघ राष्ट्रगीताला बसला.

मी तिथे नव्हतो. मला कळलं ते स्पर्धा समितीच्या चिटणिसांचा फोन आला तेव्हा. पाहुणे भडकले होते. संघावर दोन वर्षं बंदी घालायची असं घाटत होतं. पुढच्याच महिन्यात राज्य संघाची निवड चाचणी होती, आणि वयाच्या हिशेबाने यमुनाची ती शेवटची संधी. पण अंतिम शब्द मामांचा, असं चिटणीस म्हणाले. ‘ह्या बाबतीत त्यांच्याहून जास्त कुणाला कळतं? त्यांनी एकदा अपमान झाला म्हटलं, की विषय संपला.’

मामा आजारी पडल्यासारखे झाले. सराव बंद. दोनदा वाढलेलं ताट तसंच ठेवून उठले. माझी बायको त्यांची लाडकी भाची, ती भांडायला गेली. ‘मामा, त्या उभ्या राहून एकमेकींच्या वेण्या ओढत असत्या तर चाललं असतं का तुला? तेव्हा कुणी फोन केला असता का?’ मामा म्हणाले, ‘बसणं म्हणजे बसणं.’ मलाही, खरं सांगायचं तर, त्या चुकल्या असंच वाटत होतं. पण घरात मी बायकोच्या बाजूने होतो.

मग एका संध्याकाळी मी मामांकडे असताना यमुनाच आली. दारातच उभी राहिली.

‘सर, तुम्हीच शिकवलंय. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाय.’

‘अगं, राष्ट्रगीत लागलं की सगळ्या देशालाच खो मिळतो. तिथे वाट बघायची नसते.’

यमुना म्हणाली, ‘मंग आमच्या मॅचचा खो कोणी द्यायचा होता, सर?’

मामांनी लाडूंचा डबा आणून तिच्या हातात दिला आणि आत निघून गेले. ती रडत होती की काय, मला दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच ती चटकन वळली असावी.

समितीच्या बैठकीला मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पँट घालून गेले. मी स्कूटरवर मागे. चिटणिसांनी आदराने खुर्ची दिली. ‘सर, मुली बसल्या होत्या हे खरं ना?’

‘मला ठाऊक नाही,’ मामा म्हणाले. ‘मी सावधानमध्ये होतो. नजर झेंड्यावर. सावधानमध्ये माणसाला मागचं आणि बाजूचं दिसत नसतं. तुम्हाला दिसलं?’

चिटणीस गडबडले. ‘म्हणजे... सगळ्यांनीच पाहिलं.’

‘असं? मग राष्ट्रगीत चालू असताना माना वळवून इकडे तिकडे बघणारे कोण कोण होते ते आधी ठरवू. शिस्तीचं बघायचं तर तिथून सुरुवात करू.’

चिटणीस म्हणाले, त्यांना खजिनदारांनी सांगितलं. खजिनदार म्हणाले, ‘मी कशाला बघतोय? मला पंचांनी सांगितलं.’ पंचांना आठवत होतं, की कुणीतरी मागून बोललं. मागून बोलणारा कोण ते निघेना, कारण मागून बोललेलं ऐकलं म्हणजे राष्ट्रगीतात कुणीतरी बोलत होतं. पाहुण्यांनीच पाहिलं असणार, असं एक सदस्य म्हणाले. पण ते पाहुण्यांना जाऊन विचारायला कुणी तयार होईना. चहा आला, बिस्किटं आली आणि बंदीचा विषय बशीखाली कुठेतरी गेला. निघताना मामा म्हणाले, ‘मुलींचा सामना राहिलाय तेवढा.’ तेव्हा येत्या रविवारी घेऊन टाका म्हणून सगळ्यांनी घाईघाईने माना डोलावल्या.

रविवारी सामना झाला. मांडव नाही, पाहुणे नाहीत, बघायला फक्त मी, बायको, मामी आणि दोन गाई. आमच्या मुली हरल्या. नाणेफेकीत मिळालेली ढाल यमुनाने स्वतः नेऊन समोरच्या कर्णधाराच्या हातात दिली, आणि येताना ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या महिन्यात ती राज्याच्या संघात निवडली गेली. ती बातमी मामांनी कॉलनीत इतक्या जणांना सांगितली, की ज्यांना खो-खो म्हणजे काय ते माहीत नव्हतं तेही त्यांचं अभिनंदन करत होते.

मामा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. गुडघे गेले होते, खुर्ची गॅलरीत टाकलेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकाएकी म्हणाले, ‘जावईबापू, त्या दिवशी मी पाहिलं होतं.’

मला आधी कळेना.

‘सगळं मैदान उभं होतं आणि गप्प होतं. टेप तेवढी वाजत होती. आणि म्हणण्याचा आवाज येत होता तो खालून, जमिनीजवळून. आयुष्यात कधी मान वळवली नाही, तेवढी वळवली. त्याच म्हणत होत्या हो. पाठी ताठ, शेवटच्या जयपर्यंत. बाकी मैदानात कुणाचा ओठ हलत नव्हता. माझासुद्धा.’

‘मग अपमान होता की नव्हता?’ मी विचारलं.

मामांनी गॅलरीतून खाली पाहिलं. ‘बसायला नको होतं, असं मला आजही वाटतं,’ ते म्हणाले. ‘पण उभा असताना लाज वाटली ती तेवढी एकदाच.’

मामींनी चहा आणला. आम्ही दोघांनी तो गरम असतानाच प्यायला. मला ह्या माणसाचा फार अभिमान वाटतो, असं त्यांना सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. पण सासुरवाडीत असलं बोलायची मला सवय नव्हती, आणि ते राहून गेलं.