आबांच्या पुढ्यातलं गौरीचं पान

माझ्या वडिलांच्या पुढ्यातून गौरीचं पान मी उचललं होतं.

भरलेलं. गरम. चिंबोऱ्यांच्या कालवणाचं.

आज आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी त्यांचा फोटो टाकतो आणि खाली दोन ओळी लिहितो. ही गोष्ट कधी लिहिली नाही. आज लिहितो.

पंच्याण्णव-शहाण्णवचा काळ. आमचं घर पनवेलजवळ, खाडीच्या बाजूला. आबांची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात मीठ ओढण्यात गेली. मी दहावी नापास, पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. अक्षर चांगलं, म्हणून गावातले लोक माझ्याकडून फॉर्म भरून घ्यायचे. खाडाखोड मला खपायची नाही. आजही नाही.

आबा रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. विचारलं की म्हणायचे, "वय झालं रं."

मग कंबर दुखायला लागली. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांपर्यंत गेलेला.

डॉक्टरांनी औषधं दिली. मी विचारलं, "खाण्यापिण्याचं काय?"

ते म्हणाले, "टोमॅटो, सोयाबीन, हिरव्या भाज्या द्या. मटण, तूप, तळलेलं कमी करा. थोडी मदत होऊ शकते. पण मुख्य म्हणजे औषध चुकवू नका."

औषधं वेळेवर दिली, पण डोक्यात फक्त खाण्याचाच भाग राहिला.

दुकानात येणाऱ्या पेपरांतून आरोग्याची कात्रणं काढायला लागलो. टोमॅटो कच्चा नको, शिजवून द्या. कोबी द्या. ग्रीन टी द्या. तो तर पनवेलला कुणी पाहिलाही नव्हता.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी लावून तक्ता आखला. डावीकडे 'द्यावे', उजवीकडे 'बंद'.

कात्रणांत सगळीकडे 'कमी करावे' असं होतं. मी मुद्दाम 'बंद' लिहिलं. वाटलं, 'कमी' लिहिलं तर आई थोडं-थोडं देत राहील.

मटणाखाली मासे लिहिले. ते कुठल्याच कात्रणात नव्हते. मीच घातले. भीतीने.

मीठही अर्धं केलं. जन्मभर मीठ ओढलेल्या माणसाचं मीठ!

आबा पुढ्यात येईल ते खायचे. सकाळी टोमॅटोचं सार, दुपारी सोयाबीन, संध्याकाळी पुन्हा सार. शेजारचे काका चेष्टा करायचे, "पोरगा दहावी नापास, पन डाक्टर पास झाला!"

आबा हसायचे. "मुंबईचा डाक्टर बरा. तो म्हयन्यातून एकदा भेटतो. ह्यो रोज हाय."

मग गौरी आल्या.

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. गौरीपुढचं पान नंतर घरातल्या मोठ्या माणसाने खायचं. त्याला नाही म्हणत नाहीत.

आईने ते पान आबांपुढे ठेवलं. आबांनी नमस्कार केला, बाही वर सारली, चिंबोरीचा डेंगा, म्हणजे मोठी नांगी, हातात घेतला.

मी म्हणालो, "आबा, नको."

आई म्हणाली, "अरं, गौरीचं पान हाय. एक दिवस काय व्हतंय?"

"एक दिवस, एक दिवस करतच वाढतो आजार."

"मंग गौरीला काय सांगू?"

मी पान उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्यांच्यापुढे साराची वाटी ठेवली.

आबांनी हातातला डेंगा माझ्याकडे दिला. बोटं चाटली नाहीत. धुवून आले आणि सार प्यायले.

नंतरच्या तपासणीला मी तक्ता सोबत नेला. घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. मनात होतं, डॉक्टर शाबासकी देतील.

त्यांनी शेवटपर्यंत वाचला. "मासे कुणी बंद केले? मासे चालतात की यांना. आणि आता यांना आवडेल ते खाऊ द्या."

मी तक्त्याची घडी घालू लागलो. आबाच बोलले.

"घाबरला व्हता, सायेब. पोर हाय."

घरी येताना मी खाडीवर गेलो. चिंबोऱ्या विकणाऱ्या मावशीला म्हटलं, चांगल्या हव्यात. ती म्हणाली, "आता चांदन्याच्या हायेत, पोकळ निघतील. आवसेला ये, भरलेल्या देते."

अमावस्या नऊ दिवसांवर होती.

आणि मी थांबलो. आबांना द्यायच्या तर भरलेल्याच द्यायच्या. अर्धवट काम मला कधी जमलंच नाही.

त्या नऊ दिवसांत आबांचं खाणं सुटलं. आधी भाकरी, मग भात.

अमावस्येला मी डझनभर चिंबोऱ्या आणल्या. लाखेने, म्हणजे आतल्या केशरी गाभ्याने भरलेल्या, जड. आईने कालवण केलं. आबांना घास गिळवत नव्हता. मी चमच्याने रस्सा दिला. एकच चमचा. त्यांनी तो बराच वेळ जिभेवर ठेवला.

"मीठ बरोबर हाय," म्हणाले.

दोन दिवसांनी गेले.

मित्रांनो, टोमॅटो वाईट नाही. सोयाबीनही नाही. मी आजही खातो. घरातल्या वडीलधाऱ्यांना लघवीचा त्रास असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, दाखवा. आणि डॉक्टरांना काय बंद करायचं हे विचाराल, तेव्हा काय चालेल हेही विचारा. मी विचारलं नाही.

कात्रणांत 'कदाचित' हा शब्द पुन्हा पुन्हा होता. माझ्या तक्त्यात तो एकदाही नव्हता.

आई म्हणायची, तुझ्यामुळे नाही गेले. मला माहीत आहे. मी त्यांना मारलं नाही. मी फक्त त्यांची शेवटची गौर उपाशी घालवली.

आज सकाळी बाजारात गेलो होतो. तारीख तीच, पण यंदा अमावस्येला अजून वेळ आहे. तरी मिळाल्या त्या घेतल्या. पोकळ निघाल्या तर निघू देत.

पान वाढलंय, आबा.

या. मीठ बघून सांगा.