हात हलला का?

रविवार, १० फेब्रुवारी २००८. ओळी एकशे बारा. हजर तिघं: अशोक सोनावणे, त्याची बायको रमावहिनी आणि मी. जागा अंबरनाथच्या बुवापाड्यातली त्याची खोली. त्या एकशे बारा ओळींचे छापील कागद माझ्या पिशवीत घडी घालून ठेवलेले होते. ते सोनावणेला दाखवायचे की नाही, हे मी बदलापूरहून निघताना ठरवलं नव्हतं आणि त्याच्या दारात चपला काढतानाही ठरवलं नव्हतं. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. मोबाइल उशाशीच होता. बोलताना धाप लागायची, त्यामुळे वाक्यं आखूड झाली होती.

"भोईर, तीन महिने झाले. एक फोन नाही," तो म्हणाला. "आधी आठवड्याला चार-पाच तरी यायचे."

"बरं आहे की. आराम कर."

"म्हणजे चुका संपल्या म्हणायच्या."

मी "हो" म्हणालो. वहिनींनी चहा आणला, तो प्यालो, कागद पिशवीतच राहिले... शुक्रवारी सोनावणे गेला. चुका संपल्या नव्हत्या. फोन का येत नव्हते ते मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना राग बाजूला ठेवावा अशी रीत आहे. पण मी आयुष्यभर जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू लिहीत आलो. एक बाजू कोरी ठेवून खाली सही करणं मला जमणार नाही.

सोनावणे आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होतो. तो टूलरूममध्ये, मी अकाउंट्समध्ये. कारखाना बंद पडल्यावर मी दुसरीकडे चिकटलो. तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी उल्हासनगरला लछमनभाईंच्या दुकानात टायपिंग शिकला आणि तिथेच लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, संस्थांचे अहवाल लावायला लागला. त्या काळात मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला तो फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की पत्रिकेच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. जुन्या फायली नव्या पद्धतीच्या अक्षरांत आणणारा एक प्रोग्राम पुण्याच्या मृणाल नावाच्या मुलीने लिहिला. तो फुकट होता आणि मुक्त होता, म्हणजे त्याच्या आतलं सगळं उघडं. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. इंटरनेटवरच्या एका गटात आम्ही दहा-बारा जण त्याला हातभार लावत होतो. सोनावणेला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. त्याने एकच काम मागून घेतलं. प्रोग्राम उघडण्याआधी माणसाने वाचायचं पान, 'आधी हे वाचा', ते मी लिहितो म्हणाला.

पहिला खर्डा चौसष्ट ओळींचा होता. मला तो चांगला वाटला. सोनावणेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बेरीज चुकवली होती. मग त्याने मला कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसची आठवण करून दिली. त्या मशिनवर सूचनांची एक पत्र्याची पाटी होती. पहिल्या सहा ओळी बनवणाऱ्या कंपनीच्या कौतुकाच्या, आणि हात कुठे घालू नये हे सातव्या ओळीत. आमच्या एका माणसाची दोन बोटं गेली तेव्हा चौकशीत लिहिलं गेलं, की सूचना लावलेली होती. ते कागद माझ्याच टेबलावरून गेले होते. "लावलेली होती, पण सातवी," सोनावणे म्हणाला. "तिथपर्यंत कोण वाचतंय?"

तेव्हा त्याने नियम काढला. प्रोग्राम कधी न पाहिलेल्या दहा माणसांना एकेक करून कॉम्प्युटरपुढे बसवायचं. एका कडेला पान, दुसऱ्या कडेला प्रोग्राम. आपण मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. ओळ वाचून माणसाचा हात काही करायला हलला, तर त्या ओळीपुढे एक खूण. दहांपैकी एकाचाही हात हलला नाही, तर ती ओळ पानातून जाणार, मग ती कोणी का लिहिलेली असेना. खुणांचा तक्ता मी ठेवायचो. दर वेळी तो मागून हळूच विचारायचा, "हात हलला का?" मी मान हलवायचो. प्रोग्राम कोणी केला, का केला, त्याचे फायदे काय, सगळं गेलं. चौसष्टच्या एकतीस झाल्या. लछमनभाई दुकानाचे मालक, मराठी वाचतात पण अडखळत, म्हणून सोनावणे त्यांना सगळ्यांत कडक परीक्षक मानायचा. ते म्हणायचे, "सोनावणे, तू मेरा नौकर नहीं, मास्टर है. रोज वाचायला बसवतो."

एकतिसाव्या ओळीत सोनावणेचं नाव होतं. 'अडलं किंवा चूक सापडली तर फोन करा: सोनावणे', आणि पुढे त्याचा मोबाइल नंबर. ती ओळ मानासाठी नव्हती. दहांपैकी सात जणांचा हात तिथे फोनकडे गेला होता, तक्ता अजून माझ्याकडे आहे. चार वर्षं लोकांनी त्याला फोन केले. नगरचे, अकोल्याचे, एकदा तर इंदूरचे. तो जेवण सोडून उठायचा आणि आधी विचारायचा, "कितव्या ओळीवर आहात?"

आता दुसरी बाजू. उल्हासनगरला एक कॉम्प्युटर क्लास आहे. तो चालवणाऱ्यांना सगळे सर म्हणतात, मीही सरच म्हणतो. त्यांचं नाव या लेखात येणार नाही. त्यांनी सुरुवातीला चाचणीसाठी दोन कॉम्प्युटर दिले होते, ती त्यांच्या खात्यावरची जमा मी मान्य करतो. त्या दोन कॉम्प्युटरच्या बदल्यात ते आमच्या गटाचे समन्वयक झाले. सोनावणे आजारी पडला, दुकानात येईनासा झाला. दिवाळीत सरांनी, समन्वयक म्हणून मिळालेला पासवर्ड वापरून, कोणाला न विचारता पान बदललं. वर त्यांचा फोटो आणि मनोगत, मग मराठी भाषेची थोरवी, मग त्यांना मिळालेले सत्कार, मग एकोणीस जणांचे आभार. एकोणिसांत सोनावणे नाही. त्याच्या तीस ओळी मध्येच कुठेतरी, अठ्ठेचाळिसाव्या ओळीपासून सुरू. आणि एकतिसाव्या ओळीतलं सोनावणेचं नाव आणि नंबर काढून पार तळाशी क्लासचं नाव आणि क्लासचा नंबर.

मी त्यांना भेटून विचारलं. ते म्हणाले, "अहो भोईर, पान थोडं भारदस्त नको का? आणि सोनावणेंना त्रास कशाला, आजारी माणूस. उलट मी त्यांचा भार हलका केला." मी गटात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. सोनावणेच्या कानावर जाईल या भीतीने गप्प बसलो, आणि गप्प बसल्यामुळे तो तीन महिने न वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला... हे माझ्या खात्यावर लिहावं.

सोनावणेच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून मी बुवापाड्यातून बाहेर पडत होतो, तेव्हा सरांचा फोन आला. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "मी म्हणतो, पानावर एक श्रद्धांजलीची चौकट टाकू. मजकूर मी लिहिलाय. खाली माझं नाव, समन्वयक म्हणून."

"किती ओळी?"

"अठरा."

"टाकू," मी म्हणालो. "सोनावणेच्या पद्धतीने टाकू. आधी दहा जणांना वाचायला देऊ. तुम्हीही या."

ते खूश झाले. त्यांनी ती पद्धत कधी पाहिलीच नव्हती. कॉम्प्युटर देऊन ते केबिनमध्ये बसायचे. मी मृणालला आधीच कळवलं, की तक्ता येईल, त्यावर निर्णय घे. नव्या प्रतीत कुठलं पान जाणार हे तिच्या हातात होतं. सोनावणेची पद्धत तिला पाठ होती.

पुढच्या रविवारी सकाळी लछमनभाईंच्या दुकानात श्रद्धांजलीची चौकट धरून एकशे तीस ओळींचं पान उघडलं. सरांना फिरती खुर्ची दिली. दहा माणसं मी स्वतः गोळा केली होती, कुळगावची टायपिंग करणारी मुलगी, अंबरनाथ पश्चिमेचा पत्रिकावाला, असे. लछमनभाईंना प्रोग्राम तोंडपाठ, म्हणून त्यांना दहांत धरलं नाही, पण अकरावे म्हणून ते हट्टाने बसले. सोनावणे फक्त हळूच विचारायचा, निकाल मोठ्याने बोलायचा नाही. मी मोठ्याने बोललो. गरज नव्हती. फोटो, शून्य. मनोगत, शून्य. थोरवी, शून्य. सत्कार, एकेक ओळ घेऊन, शून्य, शून्य, शून्य. पाचव्या माणसापर्यंत सर खुर्ची फिरवायचे थांबले होते.

"अहो, लोकांना वाचू तरी द्या," ते म्हणाले.

"वाचतायत," मी म्हणालो. "हात हलत नाहीये."

आठवा माणूस पत्रिकावाला. तो शेवटच्या ओळीशी आला, खिशातून मोबाइल काढला आणि क्लासचा नंबर फिरवला. मी तक्त्यावर खूण केली, नियम म्हणजे नियम. पलीकडे वाजणारी घंटी दुकानात सगळ्यांना ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. त्याने पुन्हा लावला.

"कोणी उचलत नाही, काका."

"रविवार आहे," सर म्हणाले.

"सोनावणे रविवारी उचलायचा," मी म्हणालो.

लछमनभाई शेवटी बसले. चष्मा वर-खाली करत त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भोईरभाई, या फोटोवर क्लिक करायचं काय? दबाने से क्या होता है?" कुळगावची मुलगी ओढणी तोंडाला लावून बाहेर गेली. मी सरांकडे पाहत राहिलो. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

सरांच्या शंभर ओळींपैकी नव्याण्णव शून्यावर आल्या. सोनावणेच्या तिसांपैकी एक, फ्लॉपीबद्दलची, तीही शून्यावर आली. आता फ्लॉपी कोण वापरतं... तीही काढली. मी तक्ता मृणालला पाठवायला घेतला आणि म्हणालो, शेवटच्या ओळीत क्लासच्या जागी पुन्हा सोनावणेचं नाव आणि नंबर येईल.

सर दारापर्यंत गेले होते, तिथून वळले. आवाज चढवला नाही. "त्या नंबरवर आता कोण उचलणार, भोईर?"

मी तक्ता पाठवायचा थांबलो. ज्या नियमाने मी त्यांना काढलं त्याच नियमाने सोनावणेचं नावही जाणार होतं. जो फोन कोणी उचलत नाही, त्याची ओळ पानात ठेवली तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? लछमनभाई म्हणाले, "उसका रहने दो ना, एक ओळ तर आहे." मी नाही म्हणालो. सोनावणे असता तर त्याने पहिली तीच काढली असती.

त्याच दुपारी मी बुवापाड्यात गेलो आणि वहिनींना जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं, दिवाळीपासूनचं, माझ्या गप्प बसण्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, ते म्हणायचे, फोन नाही म्हणजे काम चोख झालं. त्या समाधानात गेले. तुम्ही खोटं बोललात ते बरं केलंत की वाईट, मला नाही ठरवता येत." आत गेल्या आणि सोनावणेचा मोबाइल चार्जरसकट आणून माझ्या हातात दिला. "हा इथे पडून असतो, वाजत नाही. बघवत नाही. तुम्ही न्या. वाजला तर उचला."

तेव्हा शेवटची ओळ लागली. 'अडलं किंवा चूक सापडली तर फोन करा', आणि तोच जुना नंबर. नाव कोणाचंच नाही, कारण हात हलतो तो नंबर वाचून. मृणालने तक्ता पाहून एवढंच लिहिलं, "आकडे आहेत, विषय संपला." पान आता तीस ओळींचं आहे. त्यात सोनावणेचं नाव कुठेही नाही. म्हणून ते मी इथे, वर्तमानपत्रात लिहिलं.

फोन पुन्हा यायला लागले. लोक विचारतात, सोनावणे आहेत का? मी म्हणतो, बोला, कितव्या ओळीवर आहात? गेल्या मंगळवारी एक फोन आला. आवाज ओळखला.

"मी बोलतोय," तो आवाज म्हणाला. "चौदाव्या ओळीत सांगितलंय तसं करून फाइल अर्धीच बदलते. आमच्या मुलांचं काम अडलंय."

"नाव?"

"अहो भोईर, मी."

"नाव सांगा. नोंदवायचं असतं."

त्यांनी नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, क्लाससकट. चूक खरी होती. मी ती वहीत उतरवून घेतली, तारीख, ओळ चौदा, काय होतं, काय व्हायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतली. नावाचा रकाना कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी फोनमधले पैसे संपत आले होते. नंबर बंद पडू नये म्हणून कुळगावच्या नाक्यावरच्या दुकानात जाऊन पन्नास रुपयांचं रिचार्ज केलं. दुकानदाराने पैसे घेतले, वहीत नंबर लिहिला आणि नाव विचारलं. मी सांगितलं, अशोक सोनावणे.