लग्न नेमकं कधी लागलं

देवाधर्माशिवाय माणसं कशी जगतात, याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई वर्षभर इंदापुरात खोली घेऊन राहत होत्या. समाजशास्त्राच्या प्राध्यापक. मी तेव्हा देवाधर्माविरुद्ध पत्रकं लिहायचे, बारामतीच्या एसटी स्टँडवर वाटायचे आणि जो घेणार नाही त्याच्याशी भांडायचे. मला वाटलं, चला, आपल्या बाजूचं एक शिकलेलं माणूस आलं. कसलं काय! बाई बाजू घ्यायच्याच नाहीत.

उजनीच्या पाण्याकडे बघत त्या चहा प्यायच्या. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होऊन जायचं, आणि बाई इतक्या हळू बोलायच्या की त्यांचं बोलणं पलीकडच्या काठावरून आल्यासारखं वाटायचं. तरुणपणी हा विषय मागितला तेव्हा त्यांचे सर हसले होते म्हणे. असली माणसं आपल्याकडे आहेतच कुठं? मग त्या मोरगावला जाऊन देवळासमोर बसल्या.

"आत जाणाऱ्यांवर सगळेच लिहितात," त्या म्हणाल्या. "बायकोच्या चपला सांभाळत बाहेर बसलेला नवरा असतो ना, मी त्याच्याशी बोलत बसले. त्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली."

"तो ढोंगी असतो," मी म्हणाले. "आत जायचं नाही तर घरी बसावं."

"पत्रकात ठीक आहे गं हे. पण तो पोराचं नाव कसं ठेवतो, मयताला जाऊन काय करतो, ते मला बघायचंय. 'मी मानत नाही' म्हणायला एक मिनिट लागतं. पुढं उरलेला दिवस काढायचा असतो."

मला हे गुळमुळीत वाटायचं. तोंडावर सांगायचे तसं. त्या हसायच्या.

त्याच हिवाळ्यात कोऱ्हाळ्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. भटजी नको, मुहूर्त नको, मंगलाष्टका नकोत. दोघांनी शपथ घ्यायची, हार घालायचे, झालं. मुलगा बावड्याचा, पेरूची बाग करणारा, तो तयार होता. त्याची आई नाही म्हणाली नाही. ओसरीवर बसून एवढंच बोलली, "भटजी नसंना का. पर लग्न लागल्यालं मला दिसलं पायजे. न्हायतर ही माझ्या दारात पाव्हणीच." बहीण हसली खरी, पण हातातला कप तिनं न पिताच खाली ठेवला. त्या घरात तिला उभा जन्म काढायचा होता.

मांडव रानात घातला होता. चहूबाजूंनी उसाला तुरे आलेले, उन्हात ते रुपेरी धुरासारखे हलत होते. पाटाचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. धान्याची नासाडी नको म्हणून मी अक्षतांऐवजी पाकळ्या वाटल्या. शपथ मीच लिहिलेली. दोघांनी ती वाचली, हार घातले.

आणि मग काहीच झालं नाही.

"लागलं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणाला ठावं."

"हार तर घातलं की."

"हार काय, आमदाराला बी घालत्यात."

सनईवाले चाचा सनई ओठांशी धरून थांबलेले. ते कायम शेवटच्या 'सावधान'वर वाजवतात, आणि माझ्या शपथेत तो शब्दच नव्हता. वाजंत्री वाजल्याशिवाय आचारी भातावरचं झाकण काढत नव्हता. पाकळ्या धरलेल्या शेकडो मुठी तशाच मिटलेल्या. मला तो वेळ पाण्याखाली घडल्यासारखा आठवतो. सगळं स्वच्छ दिसतंय, आवाज नाही. पहिल्या रांगेत मुलाची आई बसली होती, डोळ्याची पापणी न लववता.

माझ्याबरोबर लग्नाला आलेल्या बाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्या कानाशी लागले, "बाई, टाळी वाजवा ना!"

"मी नाही. मला बघू दे ही माणसं काय करतात."

राग आला. अजूनही येतो. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना नुसतं बघत राहायचं, हा कसला अभ्यास? मी माईककडे निघाले, मंगलाष्टका का नकोत यावर दोन शब्द बोलायला. तेवढ्यात बहीणच वळली.

"चाचा, वाजवा की आता! लागलं आमचं."

"कुनीतरी सांगावं म्हनून थांबलो व्हतो, पोरी."

"मी सांगतेय की!"

"आन् मी बी," नवरदेव म्हणाला, आणि मांडव हसला. सनई सुरू झाली. पाकळ्या उडाल्या; काहींच्या घामेजल्या तळव्याला चिकटून बसल्या, त्यांनी त्या झटकून टाकल्या.

मुलाच्या आईनं टाकल्या नाहीत. ती उठून बहिणीसमोर आली. सनई चालूच होती.

"तुझं तूच सांगितलंस व्हय?"

"मग कुणी सांगायचं, आत्याबाई?"

मिटलेल्या मुठीनं तिनं दोघांच्या मधली जागा दाखवली. "आमच्या टायमाला मधी आंतरपाट. माझी मान खाली. कवा लागलं, मला कळलं बी न्हाय." मग मूठ उघडून तिनं दोघांच्या डोक्यावर पाकळ्या टाकल्या, आणि बावड्याच्या माणसांकडे वळून ओरडली, "दिसलं मला! पानं मांडा की रं, सून माझी सकाळधरनं उपाशी हाय."